जेवणानंतर दोन चमचे? पचनाच्या एन्झाइमांचा हिशेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लग्नसराई सुरू झाली, श्रावणाचे उपास सुटले, दिवाळीचा फराळ संपत आला की औषधाच्या दुकानात एक ठरलेले वाक्य ऐकू येते : "पचनाचं काहीतरी द्या." त्यावर काउंटरवरून बहुतेक वेळा एन्झाइमचे सिरप नाहीतर गोळ्यांची पट्टी पुढे सरकते आणि सोबत तितकाच ठरलेला सल्ला मिळतो, जेवणानंतर दोन चमचे. अलीकडे यात दहा-पंधरा एन्झाइम एकाच कॅप्सूलमध्ये भरलेल्या महागड्या डब्यांची भर पडली आहे. 'रोज घ्या, पोट हलके ठेवा' अशा त्यांच्या जाहिराती मोबाइलवर आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही दिसतात. या वस्तूंची विक्री हा आमच्या, म्हणजे फार्मासिस्टांच्या, व्यवसायाचा भाग आहे. म्हणूनच त्यांच्या लेबलवर काय असते, त्यातले कशाला उपयोगी पडते आणि पैसे कुठे वाया जातात, हे वाचकांना नेमके कळावे, यासाठी हे पत्र.

एन्झाइमला शालेय पुस्तकात 'विकर' म्हणतात. विकर म्हणजे ओवा-हिंगासारखे पाचक नव्हे. हिंगाष्टक चूर्णाने पोटाला बरे वाटत असेल, पण त्यात अन्नाचे रेणू तोडणारे काही नसते. एन्झाइम मात्र एक ठरावीक कडी तोडते, ठरावीक आम्लतेत तोडते आणि ठरावीक वेळेत तोडते. अमायलेज पिष्ट तोडते, त्याला तुपाशी कर्तव्य नाही. लायपेज स्निग्ध पदार्थ तोडते, त्याला भाताशी देणेघेणे नाही. त्यामुळे 'पचत नाही' एवढ्या दोन शब्दांवर एन्झाइम निवडता येत नाही. काय पचत नाही, ते आधी ठरायला हवे.

आपल्याकडच्या नेहमीच्या सिरपमध्ये दोन घटक असतात, फंगल डायस्टेज (बुरशीपासूनचे अमायलेज) आणि पेप्सिन (प्रथिने तोडणारे एन्झाइम). डायस्टेज अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीपासून काढतात. जपानमध्ये साके बनवताना तांदळावर वाढवतात, तीच ही बुरशी. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली अमेरिकेत तिच्यापासून डायस्टेज काढण्याचे पेटंट घेतले आणि पार्क-डेव्हिस कंपनीने ते अपचनावरचे औषध म्हणून बाजारात आणले. म्हणजे दुकानातल्या त्या बाटलीची वंशावळ सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

लेबलवर डायस्टेजपुढे कंसात १:८०० आणि पेप्सिनपुढे १:३००० असे आकडे असतात. ते फारसे कोणी वाचत नाही, पण खरी माहिती तिथेच आहे. १:८०० म्हणजे प्रयोगशाळेतल्या चाचणीत १ ग्रॅम डायस्टेज ८०० ग्रॅम पिष्ट पचवते. ५ मिली सिरपमध्ये ५० मिलीग्रॅम डायस्टेज असेल, तर कागदोपत्री ते ४० ग्रॅम पिष्ट पचवेल. एका मध्यम वाटीभर भातात साधारण तेवढेच पिष्ट असते. हिशेब छान दिसतो, पण तो परीक्षानळीतला. जठरातल्या आम्लात हे डायस्टेज फार वेळ तग धरत नाही. शिवाय तोच भात पचवायला लाळेतले आणि स्वादुपिंडातले अमायलेज आधीच भरपूर हजर असते. निरोगी माणसाच्या शरीरात भात पचवणाऱ्या एन्झाइमचा तुटवडा मुळात नसतोच, त्यामुळे या वाढीव भरतीने फायदा होतो असे सांगणारा भक्कम पुरावाही नाही. ते सिरप घ्यायचेच असेल, तर निदान पहिल्या घासाबरोबर घ्यावे. जेवण सुरू झाले की अन्नामुळे जठरातले आम्ल थोडा वेळ सौम्य होते. डायस्टेजला काम करायला तेवढाच अवधी मिळतो. हात धुऊन, बडीशेप खाऊन झाल्यावर घेतलेल्या दोन चमच्यांना तोही मिळत नाही.

पेप्सिनची गोष्ट याच्या उलट. त्याला तीव्र आम्ल लागते. आता एक नेहमीचे प्रिस्क्रिप्शन पाहा : सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोलची गोळी, दुपारी-रात्री पेप्सिनचे सिरप. पहिले औषध आम्ल कमी करते आणि दुसऱ्याला कामासाठी आम्लच हवे असते. रुग्ण दोन्हींचे पैसे भरतो आणि दुसरे जवळजवळ बेकार बसते. पेप्सिनबद्दल आणखी एक गोष्ट शाकाहारी आणि मुस्लिम वाचकांना माहीत असायला हवी. ते सहसा डुकराच्या जठराच्या आतल्या आवरणापासून काढलेले असते. खाद्यपदार्थांवर दिसणारा हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण औषधाच्या बाटलीवर सहसा नसतो. ज्यांना चालत नाही, त्यांनी विचारून घ्यावे. फक्त डायस्टेज आणि पपेन असलेली उत्पादनेही मिळतात.

पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातले एन्झाइम. मटण मऊ होण्यासाठी कच्ची पपई वाटून लावतात, ते काम याच पपेनचे. पिकलेल्या पपईत ते फारच थोडे उरते, त्यामुळे जेवणानंतर पपईची फोड चवीसाठी खुशाल खावी, एन्झाइमसाठी नको. पपईची किंवा रबरी हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी पपेनच्या गोळ्या टाळाव्यात. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर पपेन किंवा अननसातले ब्रोमेलेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. पपेनच्या काही गोळ्यांत कोळसाही असतो, अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल. तो इतर औषधे स्वतःला चिकटवून घेतो, म्हणून थायरॉइडची गोळी आणि ही गोळी यांत निदान चार तासांचे अंतर ठेवावे. कोळशाने शौच काळी होते. जठरात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव झाला तरी ती काळीच होते. ज्याला हे सांगितलेले नसते, तो एकतर विनाकारण घाबरतो, नाहीतर खरा रक्तस्राव कोळशाच्या नावावर खपवून टाकतो.

मधुमेह असणाऱ्यांसाठी एक मुद्दा जरा सविस्तर, कारण ही चूक सहज होते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या जेवणातल्या पिष्टाचे आणि साखरेचे पचन मुद्दाम मंदावतात, म्हणजे रक्तातली साखर एकदम चढत नाही. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. त्या गॅसवर रुग्ण अमायलेजचे सिरप मागतो. एका हाताने पचन रोखायचे आणि दुसऱ्या हाताने तेच वाढवायचे! अमायलेज किंवा पँक्रिएटिन (स्वादुपिंडातल्या एन्झाइमांचे मिश्रण) असलेली पाचक औषधे सोबत घेऊ नयेत, असे अकार्बोजच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. यावर खरा उपाय डोस हळूहळू वाढवणे किंवा डॉक्टरांकडून गोळी बदलून घेणे. मेटफॉर्मिननेही पोट फुगते आणि जुलाब होतात. तिथे जेवणासोबत घेणे आणि हळूहळू विरघळणारी गोळी मागून पाहणे, हे आधी करावे. आणि सिरपमध्ये साखर असते हे तर उघडच आहे. काहींत अल्कोहोलही असते, त्याची टक्केवारी बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेली असते.

आता त्या दहा-पंधरा एन्झाइमांच्या कॅप्सूलकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६-अ खाली १५६ मिश्रऔषधांवर बंदी घातली. त्या यादीत अमायलेज, प्रोटिएज, लॅक्टेज, सेल्युलेज, लायपेज, ब्रोमेलेन, पपेन अशा डझनाहून अधिक एन्झाइमांचे एक मिश्रणही होते. इतकी एन्झाइम एकत्र करण्याला उपचाराच्या दृष्टीने आधार नाही, हे त्यामागचे कारण. पँक्रिएटिनमध्ये दुसरी एन्झाइम मिसळून औषध विकण्यावर तर आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधीपासून बंदी आहे. पण औषध म्हणून ज्यावर बंदी आली, त्याच्याशी मिळतीजुळती यादी 'आहारपूरक' म्हणून अन्नसुरक्षा परवान्यावर विकली जाते. ओळखणे सोपे आहे. औषधावर उत्पादन परवाना क्रमांक असतो, आहारपूरकावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. ती ओळ डब्याच्या मागच्या बाजूला आणि 'पचनसंस्थेची दुरुस्ती' पुढच्या बाजूला, असा एकूण प्रकार.

अशा डब्यावर एन्झाइमचे वजन मिलीग्रॅममध्ये दिले असेल, तर ते बाजूला ठेवावे. एन्झाइमचे माप वजनात नसते, कार्यशक्तीच्या एककांत असते. १०० मिलीग्रॅम ताजे लायपेज आणि उन्हाळाभर गोदामात तापलेले १०० मिलीग्रॅम लायपेज यांचे वजन सारखेच भरेल, काम सारखे होणार नाही. लॅक्टेजपुढे एफसीसी, अल्फा-गॅलॅक्टोसिडेजपुढे गॅलयू अशी एकके हवीत. 'एन्झाइम ब्लेंड ३०० मिग्रॅ' म्हणजे अमुक इतके ग्रॅम मिश्र भाजी, पण भाजी कोणती ते सांगणार नाही!

सुट्या एन्झाइमांपैकी दोन मात्र योग्य माणसाच्या खरोखर कामी येतात. पहिले लॅक्टेज. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ते पचवणारे एन्झाइम वयानुसार कमी झाले असेल, तर दुधानंतर अर्ध्या ते दोन तासांत पोट गुडगुडते, फुगते, जुलाब होतात. २०० मिली दुधात साधारण १० ग्रॅम लॅक्टोज असते आणि असा त्रास असलेले बहुतेक लोकही एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत सोसू शकतात. म्हणून चहातल्या दुधाने सहसा काही होत नाही आणि ग्लासभर आटवलेल्या मसाला दुधाने होऊ शकते. खवा हे चार-पाच पट आटलेले दूध, त्यामुळे ५० ग्रॅम खव्यात कपभर दुधाइतके लॅक्टोज भरते. चक्का टांगताना निवळीबरोबर बरेच लॅक्टोज निघून जाते, म्हणून श्रीखंड पेढ्यापेक्षा सोसते. तुपात ते जवळजवळ नसतेच. दह्यातले जिवाणू स्वतःचे लॅक्टेज घेऊन येतात, त्यामुळे दूध न पचणाऱ्यालाही दही-ताक पचते. ताकाची कढी केली की उष्णतेने हे लॅक्टेज मरते.

बासुंदी खायचीच असेल, तर गोळीत किमान ४५०० एफसीसी एकके हवीत आणि ती पहिल्या चमच्याबरोबर घ्यावी. पंगत तासभर चालणार असेल, तर मध्येच आणखी एक. थेंबांच्या रूपातले लॅक्टेज दुधात घालायचे असेल, तर दूध आधी तापवून पूर्ण थंड करावे, लेबलप्रमाणे थेंब टाकावेत आणि फ्रिजमध्ये २४ तास ठेवावे. लॅक्टोज फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होते, म्हणून असे दूध जरा गोड लागते. उकळत्या चहात थेंब टाकणे म्हणजे पैसे पातेल्यात ओतणे. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट आहे, तिथे लॅक्टेजचा काहीच उपयोग नाही. आणि तान्ह्या बाळांबद्दल कळकळीने : आईच्या दुधात लॅक्टोज भरपूर असते आणि ते पचवण्याची सोय बाळाजवळ जन्मापासून असते. बाळ रडते म्हणून स्वतःच थेंब सुरू करू नयेत, अंगावरचे दूध तर मुळीच तोडू नये.

दुसरे उपयोगी एन्झाइम अल्फा-गॅलॅक्टोसिडेज. वाल, पावटा, चवळी, हरभरा, राजमा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडणारे एन्झाइम माणसाच्या पचनमार्गात नसतेच, कोणाच्याच नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. अभ्यासांत जेवणागणिक ३०० ते १२०० गॅलयू इतके डोस वापरले गेले आणि मोठ्या डोसचा परिणाम जास्त दिसला. हेही पहिल्या घासाबरोबरच घ्यायचे, उसळीत शिजवायचे नाही. कांदा, लसूण, गहू यांच्या गॅसवर मात्र ते चालत नाही. त्यांतला घटक वेगळा असतो. अकार्बोज घेणाऱ्यांनी हेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

पण या गोळीच्या आधी स्वयंपाकघर. कडधान्य आठ ते दहा तास भिजवून ते पाणी फेकून दिले की या शर्करांचा काही भाग त्याबरोबर जातो. पुढे मोड आणले, तर बी स्वतःच्या वाढीसाठी हेच एन्झाइम तयार करते आणि त्या शर्करा खाऊन टाकते. वालाला मोड आणून, सोलून बिरडे करण्याचा कोकणातला खटाटोप निव्वळ चवीसाठी नव्हता, असे म्हणायला जागा आहे. मोडाच्या नाचणीतले अमायलेज तर डोळ्यांनी पाहता येते. नाचणीची घट्ट पेज उकळी उतरल्यावर गरम असताना तिच्यात चमचाभर नाचणीसत्त्व ढवळा, काही मिनिटांत ती पातळ होते. सिरपमधल्या डायस्टेजचे कामही हेच.

आतापर्यंतचा भाग ज्यांना एन्झाइमची गरज नसते त्यांच्याबद्दल होता. खरी काळजी दुसरीकडे आहे. जुनाट स्वादुपिंडदाह, स्वादुपिंडावरील शस्त्रक्रिया किंवा कर्करोग, सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातले स्राव घट्ट करणारा जन्मजात आजार) अशा रुग्णांना एन्झाइम जेवणाइतकेच आवश्यक असते आणि त्यांनाच ते अपुरे पडताना दिसते. स्वादुपिंडाची राखीव क्षमता प्रचंड असते. लायपेजचे उत्पादन ९० टक्क्यांहून अधिक घटेपर्यंत शौचात चरबी दिसत नाही. म्हणजे तेलकट, फिकट, तरंगणारी, पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहणारी शौच आणि सोबत उतरत जाणारे वजन दिसू लागते, तेव्हा नुकसान बरेच पुढे गेलेले असते. तपासणी सोपी आहे. शौचाच्या नमुन्यातले इलास्टेज हे स्वादुपिंडाचे एन्झाइम मोजतात. ते ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर शंका, १०० च्या खाली असेल तर बहुधा खात्रीच.

अशा प्रौढ रुग्णाला मुख्य जेवणासोबत सुरुवातीलाच ४०,००० ते ५०,००० लायपेज युनिट लागतात आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे. पँक्रिएटिनची १०,००० युनिटची एक कॅप्सूल दिवसातून दोनदा, तीही जेवणानंतर, हा उपचार नव्हे. २५,००० युनिटच्या दोन घ्यायच्या असतील, तर एक पहिल्या घासाला आणि दुसरी निम्मे ताट झाल्यावर, म्हणजे दाणे अन्नात मिसळून पुढे सरकतात. कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांवर आम्लात न विरघळणारे आवरण असते, कारण आम्लता वाढून पीएच ४ च्या खाली गेला की लायपेज कायमचे निकामी होते. म्हणून दाणे चावायचे नाहीत, कुटायचे नाहीत. गिळता येत नसेल, तर कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर दह्यावर किंवा सफरचंदाच्या गरावर टाकून लगेच गिळावेत. दूध किंवा गरम मऊभात वापरू नये, आवरण तिथेच विरघळते. नंतर पाणी पिऊन तोंडात दाणे उरले नाहीत ना ते पाहावे, नाहीतर तोंड येते. बिनस्निग्ध फळ, कोरा चहा यांना कॅप्सूल लागत नाही. भजी, लाडू आणि दुधाच्या कपाला लागते.

पुरेसा डोस घेऊनही फरक पडत नसेल, तर डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी जोडतात. इथे ती योग्यच आहे, वर सांगितलेल्या पेप्सिनच्या जोडीसारखी उलटी नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांत वरची मर्यादा काटेकोर पाळतात : वजनाच्या किलोमागे एका जेवणाला २,५०० आणि दिवसाला १०,००० लायपेज युनिट. त्याहून फार मोठ्या डोसांनी मोठे आतडे आकसण्याचा धोका दिसला आहे. स्वादुपिंडाच्या रुग्णाचे तूप-तेल सरसकट बंद करण्याची जुनी रीतही आता मागे पडली आहे. एन्झाइम पुरेसे असेल, तर साधा आहार चालतो आणि वजनही भरते. दारू आणि तंबाखू मात्र पूर्ण बंद. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे अधूनमधून तपासावीत. अन्न नीट अंगी लागू लागले की रक्तातली साखर बदलते, मधुमेहाच्या औषधांचा डोस त्यानुसार पुन्हा ठरवावा लागतो. पँक्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडापासूनच मिळते. ज्यांना यात धार्मिक अडचण वाटते, त्यांनी औषध गुपचूप थांबवण्याऐवजी आधी डॉक्टरांशी आणि आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. डबा २५ अंशांखाली ठेवायचा, झाकणातली ओल शोषणारी पुडी काढायची नाही. विदर्भातल्या मे महिन्यात तो गाडीच्या कप्प्यात किंवा गॅसशेगडीजवळच्या फळीवर ठेवला, तर आतले एन्झाइम मुदतीआधीच मरते. मुदतीची तारीख मात्र तशीच दिसत राहते.

काही लक्षणांवर कोणतेही पाचक विकत घेऊ नये, आम्ही विकूही नये : आपोआप उतरणारे वजन, गिळताना अडकणे, शौचात रक्त, सततच्या उलट्या, कावीळ, झोपेतून उठवणारी पोटदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले अपचन, उतरत्या वजनासोबत नव्याने निघालेला मधुमेह. आणि 'गॅस छातीत चढलाय' म्हणत घाम पुसणाऱ्या माणसाला सिरप न देता थेट ईसीजीला पाठवावे.

आपल्याला एक विनंती. एन्झाइमची जाहिरात स्वीकारताना प्रत्येक एन्झाइमचे नाव, त्याची कार्यशक्ती एककांत आणि परवाना क्रमांक वाचता येईल अशा आकारात छापण्याची अट घालावी. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या डब्यांचे नमुने उन्हाळ्याच्या शेवटी उचलून त्यांची कार्यशक्ती तपासावी आणि आकडे जाहीर करावेत. काउंटरवर आमच्याकडून चूक होते ती 'जेवणानंतर' या एका शब्दाची. आपल्या दुकानदाराने तो शब्द लिहून दिला, तर वाचकांनी आम्हालाही टोकावे.

आपले,
औषधविक्री व रुग्णालयीन औषधसेवेत काम करणारे काही फार्मासिस्ट,
पुणे